केसपेपर कपाटातच आहेत, मग परवानगी कशाला?

कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयाच्या नोंदी विभागात, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात, सर्पदंशाच्या रुग्णांचे चार वर्षांचे केसपेपर गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. साप चावल्यापासून सर्पविषरोधक लसीची पहिली मात्रा शिरेत जाईपर्यंत किती वेळ जातो, आणि तो वेळ नेमका कुठे जातो, घरी, भगताकडे, रस्त्यावर की रुग्णालयाच्या दारात, एवढाच माझा प्रश्न होता. मी वैद्यकीय महाविद्यालयात जनवैद्यकशास्त्र शिकवते आणि हा विषय एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी मीच सुचवला होता. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, दगावली असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे, आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. विषय महत्त्वाचा होता, माहिती तयार होती, कोणाला सुई टोचायची नव्हती की कोणाची मुलाखत घ्यायची नव्हती. त्यामुळे संशोधनाचे प्रस्ताव नैतिक बाजूने तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी ही टपालाने येऊन पडणारी गोष्ट आहे असे मी धरून चालले होते. ती मिळायला अकरा आठवडे लागले, आणि त्यातल्या बहुतेक आठवड्यांना कारण माझा अर्जच होता.

आधीपासून जमलेल्या माहितीवर संशोधन करायचे असेल तर आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. त्यांत प्रस्तावाच्या आढाव्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आढाव्यातून सूट, काही मोजक्या सदस्यांनी करायचा त्वरित आढावा, आणि संपूर्ण समितीपुढचा आढावा. कोणाचीही ओळख जोडलेली नसलेली, सर्वांना खुली असलेली माहिती वापरून कोणी संकलित विश्लेषण करत असेल तर सूट मिळू शकते. ओळख न पटणारी रुग्णालयीन कागदपत्रे किंवा उरलेले नमुने वापरायचे असतील तर त्वरित आढावा पुरतो. बाकीचे सगळे पूर्ण समितीपुढे जाते. ही विभागणी वाचून झाली की बहुतेक संशोधक आपली पायरी आपणच ठरवून मोकळे होतात. मीही तेच केले. ‘नोंदींवर आधारित पूर्वलक्षी अभ्यास, सबब आढाव्यातून सूट मिळावी’ असे एक वाक्य लिहून मी अर्ज पाठवून दिला. सूट मागता येते, घेता येत नाही. सूट आहे की नाही हा निर्णयदेखील समितीचाच असतो, आणि तो लेखी मिळेपर्यंत कपाटाला हात लावायचा नसतो, हे मी वर्गात शिकवते.

ज्या विद्यार्थ्यासाठी हा खटाटोप चालला होता त्याने तोवर कपाटाला हात लावला होता. रुग्णालयात त्याची महिनाभराची नेमणूक होती, रात्री काम कमी असे, आणि त्याने जवळजवळ चाळीस केसपेपरांचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये काढून ठेवले होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, परवानगी येईपर्यंत कागद गहाळ झाले तर?” त्याची भीती खोटी नव्हती. आंतररुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्यात असे २००२ पासूनच्या वैद्यकीय आचारनियमांत आहे, आणि त्यानंतर वाळवी, ओल आणि रद्दी यांतले कोण आधी पोहोचेल हे सांगता येत नाही. पण त्या फोटोंत नाव, गाव, वय, नातेवाइकाचा अंगठा असे सगळे होते, आणि त्याच्या फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत होते. ते फोटो त्याने माझ्यासमोर फोनमधून आणि क्लाउडमधून काढून टाकले. घडले ते समितीच्या सदस्य सचिवांना मी लेखी कळवले, कारण लपवलेली चूक प्रबंधाच्या शेवटी उघडी पडली असती तर संपूर्ण अभ्यास गेला असता. मागील तारखेने मंजुरी कोणतीही समिती देत नाही. मंजुरीनंतर तेच चाळीस कागद पुन्हा पहिल्यापासून उतरवायचे, एवढ्यावर ते निभावले.

सूट अर्थातच नाकारली गेली, आणि कारण एका ओळीचे होते: तक्त्यात नावे नसतील, पण तक्ता भरणाऱ्याला ती दिसणार आहेत. तयार माहितीच्या बाबतीत आपण नेहमी शेवटच्या फाइलचा विचार करतो. फाइलमध्ये नाव नाही म्हणजे ओळख नाही, असा तो हिशोब असतो. समिती मात्र कपाटापासून फाइलपर्यंतचा सगळा प्रवास पाहते: गठ्ठा कोण सोडणार, कोणत्या खोलीत, कोणाच्या देखरेखीखाली, उतरवून घेणाऱ्याने गोपनीयतेचे हमीपत्र दिले आहे का, सांकेतिक क्रमांक आणि खरा नोंदणी क्रमांक यांची जोडयादी कोणाच्या कुलपात राहणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची माहिती वापरणाऱ्या माझ्या दुसऱ्या विद्यार्थिनीला मात्र आठवडाभरात सूट मिळाली, आणि ते योग्यच होते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या त्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरांची माहिती आहे, पण ती मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली उत्तर देणाऱ्यांची संमती घेऊन गोळा झालेली आहे, आणि संशोधकाच्या हाती येते तेव्हा तिच्यातली नावे केव्हाच गळालेली असतात. तिने कोणाचे नाव पाहिलेच नव्हते. आमच्याकडे नाव नसलेला एकही कागद नव्हता.

मग प्रकरण संपूर्ण समितीपुढे गेले. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत किमान सात सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, निम्म्या सदस्यांचा संस्थेशी नोकरीचा संबंध नसतो, आणि डॉक्टरांबरोबर एक कायदेतज्ज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य व्यक्ती लागते. आरोग्य संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करण्याची तरतूद २०१९ च्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी आणली, आणि तो नोंदणी क्रमांक मंजुरीच्या पत्रावर असतो. आमच्या समितीतली सामान्य व्यक्ती म्हणजे एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांनी माझ्या प्रस्तावातली नकाशाची प्रतिकृती पुढे ओढली आणि विचारले, “डॉक्टर, प्रत्येक दंशाला एक ठिपका असं तुम्ही लिहिलंय. आमच्या वाडीत गेल्या पाच वर्षांत साप चावून एकच माणूस गेला. तिथं ठिपका दिला म्हणजे त्याचं नावच लिहिलं की!”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर मी तो नकाशा मुख्यतः देखणा दिसतो म्हणून घातला होता. अशा ठिपक्यांवर एक उपाय मोठ्या सर्वेक्षणांत वापरला जातो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या जागतिक चौकटीत बसते तिच्यात प्रत्येक वस्तीचे स्थान प्रसिद्ध करण्यापूर्वी मुद्दाम सरकवतात, शहरी वस्ती २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण वस्त्यांपैकी एक टक्का १० किलोमीटरपर्यंत. मी मोठ्या उत्साहाने हा उपाय सुचवला आणि बोलता बोलताच तो आपल्या कामाचा नाही हे माझ्या लक्षात आले, कारण आमचा प्रश्नच अंतराचा आणि वेळेचा होता. ज्या वाडीपासून रुग्णालय सात किलोमीटरवर आहे ती पाच किलोमीटर इकडे किंवा तिकडे सरकवली तर उत्तरात काही अर्थच राहत नाही. शेवटी नकाशा गेला. त्याच्या जागी अंतराचे चार गट आले, आणि गावाचे नाव पाहून गट ठरवण्याचे काम रुग्णालयाच्याच नोंदी लिपिकाकडे दिले, म्हणजे गावाचे नाव रुग्णालयाबाहेर पडलेच नाही.

तारखेचे दुखणे त्याहून चिवट निघाले. नाव काढले, गाव काढले, तरी दंशाची तारीख, वय आणि मृत्यू एवढे तीन रकाने उरले तर त्या दिवशीच्या जिल्हा आवृत्तीचे पान उलगडले की पुरे. भातकापणीच्या दिवसांत सर्पदंशाने कोणी गेले तर ती बातमी नाव, वय आणि वाडीसकट छापून येते. अमेरिकेत १९९० च्या दशकात लताना स्वीनी या संशोधिकेने हेच दाखवून दिले होते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांची नावे गाळलेली रुग्णालयीन माहिती आणि केंब्रिज शहराची विकत मिळणारी मतदार यादी शेजारी ठेवून, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून त्यांनी तिथले गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या आजारपणाची नोंद शोधून काढली. आम्हाला तर मतदार यादीही विकत आणावी लागली नसती. म्हणून तारखेऐवजी ‘पावसाळा’, ‘कापणीचा काळ’ आणि ‘इतर’ असे तीन हंगाम, वयाऐवजी वयोगट, आणि घड्याळातल्या वेळांऐवजी दंशापासून मोजलेली मिनिटे आली. पाचपेक्षा कमी रुग्ण असलेला कोणताही कप्पा प्रबंधात छापायचा नाही, असेही आम्ही लिहून दिले.

माझ्या मूळ तक्त्यात ३१ रकाने होते. मंजूर झालेल्या तक्त्यात १४ आहेत. ही काटछाट करताना जो वाद झाला तो मला संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. समितीने प्रत्येक रकान्यापुढे एकच गोष्ट विचारली: हा रकाना तुमच्या प्रश्नाला लागतो का, की आहे म्हणून घेताय? जात लागत नव्हती. दूरध्वनी क्रमांक तर कशासाठीच लागत नव्हता. तो मी का घातला होता हे आज आठवतही नाही. ‘रुग्णाने मद्य घेतले होते का’ हा रकाना मी उपचाराच्या दृष्टीने घातला होता, आणि समितीतल्या वकिलांनी त्यावर बोट ठेवले. शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या व्यक्तीचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात, आणि नशेच्या अमलाखाली झालेला अपघात त्या योजनेत बसत नाही. रात्री दोन वाजता घाबरलेल्या बायकोने डॉक्टरला सांगितलेली आणि डॉक्टरने केसपेपरच्या समासात खरडलेली एक ओळ आमच्या तक्त्यातून बाहेर पडून कोणाच्या दाव्याच्या आड आली असती, तर त्यात शास्त्राचा काय फायदा होता? तो रकाना गेला. ‘प्रथम कोठे नेले’ हा मात्र राहिला. भगताकडे गेलेला वेळ हाच आमच्या अभ्यासाचा गाभा होता, आणि तो वगळला तर उरलेल्या कागदांना हात लावण्याचेही कारण उरत नव्हते, हे मी समितीला पटवून देऊ शकले. मृत्यूंच्या प्रकरणांत पोलिसांकडे गेलेले कागद वापरायचे नाहीत, फक्त उपचाराचे वापरायचे, ही अट वकिलांनीच घातली.

संमतीचा मुद्दा मी अर्जात एका शब्दात उरकला होता: ‘लागू नाही’. तो शब्द चुकीचा होता. संमती लागूच असते. फक्त काही परिस्थितींत ती घेण्यातून समिती सूट देऊ शकते, आणि ती सूट कारणे देऊन मागावी लागते. सूट दिल्याशिवाय अभ्यास व्यवहारात होऊच शकत नसेल, अभ्यास पूर्वलक्षी असून रुग्णांची ओळख काढून टाकलेली असेल किंवा त्यांच्याशी संपर्क होऊ शकत नसेल, माहिती किंवा नमुने अनामिक असतील, अशी कारणे आयसीएमआरच्या तत्त्वांत दिलेली आहेत. दुसऱ्या वेळी मी तीन परिच्छेद लिहिले. केसपेपरवर संपर्काचे क्रमांक क्वचितच होते, कामाला आलेले मजूर गाव सोडून गेले होते, आणि जे दगावले त्यांच्या घरी तीन वर्षांनी जाऊन ‘तुम्ही त्या रात्री आधी भगताकडे का गेलात त्याची नोंद वापरू का’ असे विचारणे हे न विचारण्यापेक्षा अधिक क्रूर ठरले असते. फक्त जिवंत आणि सापडणाऱ्या रुग्णांची संमती घेतली असती तर जवळचे आणि वाचलेले तेवढेच अभ्यासात आले असते, आणि उशिराचा अभ्यास उशीर न झालेल्यांवरच उभा राहिला असता. हा शेवटचा मुद्दा नैतिक आहे आणि शास्त्रीयही, आणि माझ्या मते सूट मिळाली ती त्याच्यामुळे.

ज्यांना हे सगळे कागदी घोडे वाटतात त्यांना मी अॅरिझोनातल्या हवासुपाई जमातीची हकिकत सांगते. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या या छोट्या जमातीने १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. पुढे तेच साठवलेले नमुने स्किझोफ्रेनियाच्या, आप्तविवाहाच्या आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले, आणि जमातीच्या स्वतःच्या उगमकथेला छेद देणारी विधाने त्यांतून निघाली. २०१० मध्ये अॅरिझोना राज्य विद्यापीठाने, जिथे हे अभ्यास झाले होते, ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर देऊन आणि उरलेले रक्त परत करून तडजोड केली. दुसऱ्या अभ्यासांसाठी नव्याने सुई कोणालाच टोचलेली नव्हती.

परवानग्यांच्या क्रमात एक गंमतही झाली. नैतिकतेची मंजुरी आणि कागद ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरीचे काम भागत नाही. समितीने सांगितले की रुग्णालयाचे पत्र आणा, मग विषय घेऊ. रुग्णालयाच्या वरिष्ठ कार्यालयाने सांगितले की एथिक्सचे पत्र आणा, मग कागद दाखवू. तीन आठवडे मी या दोन दारांच्या मधल्या व्हरांड्यात होते. शेवटी ‘समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः हरकत नाही’ असे एका वाक्याचे पत्र मिळाले आणि गाडी हलली. असा अभ्यास करू पाहणाऱ्याने हे वाक्य पहिल्याच दिवशी मागून घ्यावे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा उल्लेख मी दुसऱ्या अर्जात केला, आणि तो केल्याबद्दल सदस्य सचिवांनी थोडे आश्चर्य व्यक्त केले. २०२३ चा हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, आणि कागदावरची माहिती नंतर संगणकावर आणली तर तिलाही. कपाटातला केसपेपर त्याच्या कक्षेबाहेर आहे; विद्यार्थ्याने तो एक्सेलमध्ये उतरवला की आत येतो. संशोधन आणि सांख्यिकी यांसाठी कायद्याने सवलत ठेवली आहे, पण त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, या अटींवर. दाव्याच्या पैशांचा जो विचार वकिलांनी केला तो यातल्या पहिल्याच अटीच्या जवळचा होता.

मंजुरीचे पत्र आले त्यात अटी होत्या: तक्ता विभागाच्या एकाच संगणकावर, परवलीच्या शब्दाआड, जोडयादी नोंदी विभागाच्या कुलपात आणि प्रबंध स्वीकारला गेल्यावर नष्ट, प्रस्तावात बदल करायचा तर आधी कळवायचे, काम संपल्यावर अहवाल द्यायचा. जोडयादी असेपर्यंत आमची माहिती ‘अनामिक’ नाही, फक्त ‘सांकेतिक’ आहे, ही दुरुस्ती त्यांनी माझ्या शीर्षकातही करून दिली होती.

गेल्या महिन्यात आमच्या औषधवैद्यकशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांनी तो तक्ता मागितला. घोणस चावल्यावर मूत्रपिंडांवर होणाऱ्या परिणामांवर त्यांना काम करायचे आहे, आणि सगळी मेहनत झालेलीच आहे तर फाइल मेलवर टाकून द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी फाइल दिली नाही. माझा दुसरा अर्ज, त्यावरच्या समितीच्या शंकांसह, त्यांना वाचायला दिला. ते चार दिवस रागावले होते. त्यांचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत आहे. मी तो पाहिला आहे, त्यात मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा रकाना आहे आणि गावाचा नाही.